शिट्टी होईपर्यंत

ऐरोली, सेक्टर आठ, बँकेच्या वरचा हॉल.
चाळीस माणसांची खिचडी, कढी, पापड,
एवढीच माझी ऑर्डर होती.
मग कुणीतरी म्हणालं, ताई, कुकर स्टेजवरच लावा.
इथे घंटा नसते, शिट्टी झाली की वक्ता खाली,
प्रोफेसर असो नाहीतर प्रोफेसरचा बाप.

डोकेखाजवे पारितोषिक, वर्ष सातवं.
आधी हसायचं, मग डोकं खाजवायचं, असा नियम.
ट्रॉफी म्हणजे पाठ खाजवायचा लाकडी हात
सनमायकाच्या तुकड्यावर उभा केलेला.
पाकिटावर लिहिलेलं एक हजार एक रुपये.
त्यातला एक चिकटवलेला असतो,
हजाराचं दरवर्षी ठरायचं राहून जातं.

पहिल्या आल्या खारघरच्या इरावतीबाई पेंढारकर.
बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर लिफ्ट लवकर येते का?
दोन हजार तीनशे बारा वेळा दाबून पाहिलं.
येत नाही.
नव्या बटणाचं सोसायटीचं बिल मात्र लगेच आलं.
शिट्टी.

मग तुर्भ्याचे सोनटक्के.
तोंडात पाण्याची गुळणी धरून कांदा चिरला
तर डोळ्यांना पाणी येत नाही, असं त्यांच्या सासूबाईंचं मत.
मार्केटातली एक्केचाळीस माणसं, एक्केचाळीस सुऱ्या.
सगळे रडले.
बाविसाव्याला मध्येच हसू फुटलं
आणि समोरच्या पाच जणांचे निकाल भिजले.
सासूबाईंना अहवाल अजून मान्य नाही.
शिट्टी.

कोपरीच्या दोघी बहिणी, विषय: सभेतली डुलकी.
झोपलेली मान वक्त्याच्या पूर्णविरामाला हलते का?
त्यांनी पुरावा म्हणून नुसतं बोट दाखवलं.
पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे
प्रत्येक वाक्याला होकार देत होते.

शेवटचं नाव हिराजी मढवी.
डॉक्टर रेगेबाईंनी त्याला पुढे ढकललं
आणि स्वतः खुर्चीतच राहिल्या.
विषय: निवटीला हाक ऐकू येते का.
निवटी, टाळूवर डोळे असलेला तो मासा,
पाणी सोडून चिखलात बसायला येणारा.

चार वर्षं, दर ओहोटीला,
तिवरांमागे गुडघाभर चिखलात हा उभा.
साठ निवट्या, साठ नावं.
आत्या, मावश्या, शाळेतल्या बाई संपल्यावर
एकीला डिझेलच्या पंपाचं.
हा हाक मारायचा, बाई होडीतून घड्याळ लावायच्या.

"वलून बगत नाय," हिराजी म्हणाला.
"एकपन नाय."
हॉल हसला. पाहुणे जागे झाले.

कुकर धुसफुसायला लागला होता.
शिट्टी दोन-तीन श्वासांवर आलेली,
हे मला आवाजावरून कळतं, त्याला शोधनिबंध लागत नाही.

"पन मदी माना ताप आला.
बाईंनी दुसरा मानूस उभा केला.
त्यानी हाक मारली का सगल्या बिलात.
मी मारली का जात नाय.
येत नाय, पन जात बी नाय. बसून रातात."

बाई खुर्चीतून म्हणाल्या, सिद्ध होत नाही,
आकडा थोडक्यात हुकला.
"हुकू दे," हिराजी म्हणाला,
आणि पुढे काय बोलायचं ते शोधत
आपल्याच नखांतला चिखल बघत राहिला.

माझा हात गॅसच्या बटणावर होता.
मी आच बारीक केली.

मग तो बोलला. साठांपैकी एकेकीचं बीळ कुठे,
कुठली भांडखोर, कुठली भरतीला उशिरा हलते,
पुलाचं काम सुरू झाल्यापासून
कोणकोण दिसलेली नाही.
चार मिनिटं अकरा सेकंद. सात वर्षांतलं सर्वात लांब भाषण.
कुणी हसलं नाही, खोकलंही नाही.

खिचडीतली डाळ थोडी कच्ची राहिली.
सगळ्यांनी मुकाट खाल्ली.
हिराजीने कढी दोनदा घेतली,
लाकडी हात शर्टाच्या मागे खोचून.

भांडी आवरताना इरावतीबाई वही घेऊन आल्या.
बाकीच्यांना मिनिटाच्या आत शिट्टी झाली,
शेवटच्याला एवढा उशीर कसा, कारण सांगाल?

वॉशर जुना झालाय, मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं,
आणि वॉशर असंच लिहून घेतलं.